परसातील खरबूज आणि शेंदाड : बीजापासून शीर्णवृन्तापर्यंत

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात मूत्रदाहाने त्रस्त झालेली एक मध्यमवयीन रुग्णा आमच्याकडे आली. मूत्रतपासणीत जंतुसंसर्ग नव्हता. पित्तप्रकोपाची लक्षणे स्पष्ट होती. नित्याची औषधयोजना करून आम्ही पथ्यात ‘पक्व खरबूज, दुपारच्या वेळी, अन्य अन्नाबरोबर न मिसळता’ असे लिहून दिले. चार दिवसांनी दाह उणावण्याऐवजी वाढला होता. औषध नियमित होते, तिखट-आंबट वर्ज्य होते. शेवटी खरबुजाची चौकशी केली. फळ बाहेरून पिवळे होते, गर मऊ होता. मात्र चव ‘थोडी आंबूस, थोडी खारट’ होती. “मऊ होते, म्हणजे पिकलेलेच असणार ना?” हा तिचा प्रश्न होता. खरबूज थांबविले आणि पुढील आठवड्यात दाह शमला.

एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या प्रश्नाने आम्हांस अंतर्मुख केले. ‘पक्व’ हा शब्द आपण व्यवस्थापत्रात सहज लिहितो. पण बाजारातून येणारे फळ पक्व आहे की केवळ मऊ झालेले आहे, हे रुग्णाने कसे ओळखावे? आणि आपण तरी ते कोठे शिकलो? त्या वर्षापासून आम्ही दवाखान्यामागील परसात लहान जातीचे खरबूज आणि शेंदाड बियांपासून लावू लागलो. त्या अनुभवाचे सार वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्र काय सांगते?

भावप्रकाशात खरबूज मूत्रल, बल्य, कोष्ठशुद्धिकर, स्निग्ध, शीत, वृष्य आणि पित्तवातहर असे वर्णिले आहे. पण तेथेच भावमिश्रांनी एक इशारा देऊन ठेवला आहे, जो आपण बहुधा वाचून पुढे जातो : जे खरबूज आंबटगोड आणि सक्षार चवीचे असेल, ते रक्तपित्त उत्पन्न करते आणि मूत्रकृच्छ्र करणारे ठरते. म्हणजे ज्या व्याधीत आपण हे फळ सुचवितो, तीच व्याधी त्याच फळाच्या अयोग्य रूपाने निर्माण होऊ शकते. आमच्या रुग्णेची हकीकत या एका वाक्यात सामावलेली होती.

याउलट चिर्भिटाचे वर्णन पाहावे. अपक्व चिर्भिट मधुर, रूक्ष, गुरू, पित्तकफहर, अनुष्ण आणि ग्राही. तेच पिकले की उष्ण व पित्तल. खरबूज पिकावे म्हणजे पित्तशामक व्हावे, आणि चिर्भिट पिकावे म्हणजे पित्तकर व्हावे! दोन्ही फळे एकाच कुळातील, किंबहुना आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या मते एकाच जातीतील. पण पाकाची दिशा परस्परविरुद्ध. सुश्रुतसंहितेतही त्रपुसाच्या कोवळ्या हिरव्या, पांढुरक्या आणि जुन्या आंबट अशा अवस्थांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. तात्पर्य, या वर्गातील फळांच्या बाबतीत द्रव्याच्या नावाइतकेच अवस्थेला महत्त्व आहे, आणि अवस्था ग्रंथात वाचून कळत नाही. ती वेलीवर पाहावी लागते.

नावांचा गोंधळ

आपल्याकडे खरबूज, चिबूड, शेंदाड, फूट आणि लांब काकडी यांना आपण वेगवेगळी फळे समजतो. वनस्पतिशास्त्रात ही सारी ‘कुकुमिस मेलो’ या एकाच जातीची रूपे आहेत. खिरा म्हणजे त्रपुस ही मात्र ‘कुकुमिस सॅटायव्हस’ ही निराळी जाती, आणि कलिंगड तर वेगळ्याच प्रजातीतले. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात पिकणारा, नारळाचा रस व गूळ घालून खाल्ला जाणारा चिबूड हे नाव चिर्भटाशी उघडच नाते सांगते. मराठवाड्यात ज्वारी-कापसाच्या शेतात आपोआप उगवणारे लिंबाएवढे वा अंड्याएवढे शेंदाड हे त्याचेच रानटी भावंड. राजस्थानात यालाच काचरी म्हणतात व वाळवून तिची पूड भाज्यांत घालतात. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने काचरीचे ‘एएचके-११९’ आणि ‘एएचके-२००’ असे निवडक वाणही दिले आहेत.

भित्र्या माणसाला आपल्या भाषेने ‘शेंदाडशिपाई’ म्हटले आहे. फळाच्या मऊपणावरून ते नाव पडले असावे. वेलीचा स्वभाव मात्र याच्या अगदी उलट आहे. पावसाने ताण दिला, शेजारची पिके माना टाकू लागली, तरी शेंदाडाची वेल तग धरून फळे देत राहते.

बियांची निवड व पेरणी

घरगुती लागवडीसाठी लहान फळाचे वाण घ्यावेत. खरबुजात जयपूरजवळील दुर्गापुरा येथील ‘दुर्गापुरा मधु’ आणि बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का जीत’ हे दोन्ही साधारण अर्धा किलोच्या आसपास फळ देणारे, गोडीला चांगले आहेत. शेंदाडासाठी खेड्यातील ओळखीच्या शेतकऱ्याकडून, चव घेऊन पाहिलेल्या पिकल्या फळाचे बी आणावे. संकरित वाणाच्या फळातील बी पुन्हा पेरून तेच फळ मिळत नाही, हे लक्षात असावे.

खरबुजाची पेरणी पठारी भागात जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत करावी. या बीजाला ऊब हवी. माती गार असेल तर बी रुजण्याऐवजी कुजते. म्हणून थंडी रेंगाळली असेल तर आठ-दहा दिवस थांबणे श्रेयस्कर. शेंदाड व चिबूड यांची पेरणी पहिल्या पावसानंतर, जूनमध्ये. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. मोड दिसताच पाऊण इंच खोल, आडवे पेरावे. चार ते सात दिवसांत अंकुर वर येतो. या वेलींची मुळे नाजूक असल्याने रोप उपटून लावलेले त्यांना मानवत नाही. पेरणी जागेवरच करावी, किंवा कागदी पेल्यात करून पेल्यासकट लावावी.

जमीन नसल्यास अठरा इंच रुंद व तितकीच खोल कुंडी एका वेलीस पुरते. दोन भाग माती, एक भाग चाळलेले कुजलेले शेणखत आणि एक भाग नदीची वाळू असे मिश्रण आम्ही वापरतो. काळी माती असेल तर वाळू वाढवावी. नदीपात्रातील खरबुजाच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वेलीचे वाळूवरील प्रेम ठाऊक असेलच. ऊन दिवसातून किमान सहा तास हवे. सावलीतील खरबुजाला गोडी येत नाही.

फुले, फळधारणा आणि राखण

पहिले दोन आठवडे केवळ नरफुले येतात व गळून जातात. अनेक जण येथेच निराश होतात. फळ धरणारी फुले मुख्यतः बाजूच्या फांद्यांवर येतात. म्हणून मुख्य वेलीला पाच-सहा पाने आली की शेंडा खुडावा. फळ धरणाऱ्या फुलाखाली मऊ लव असलेली छोटी गाठ दिसते, ही त्याची ओळख. फूल एकच दिवस उमलते. परिसरात मधमाश्या नसतील तर सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग या फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. एका वेलीवर तीन-चारच खरबुजे ठेवावीत. शेंदाडाला ही मर्यादा नको.

अंकुरावस्थेत लाल भुंगेरा दले कुरतडतो. सकाळी दव असताना पानांवर चाळलेली राख धुरळावी आणि भुंगेरे वेचून काढावेत. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी, अन्यथा फळमाशी त्यात अंडी घालते व आतून अळ्या पडतात. किडलेले फळ उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे. पानांवर भुरी दिसू लागल्यास दहा भाग पाण्यात एक भाग दूध मिसळून फवारावे. आंतरप्रवाही कीटकनाशके मात्र पूर्णपणे वर्ज्य; जे फळ रुग्णाला पथ्य म्हणून द्यावयाचे, त्यात विष कशाला? वेल मांडवावर चढविली असेल तर प्रत्येक फळाखाली जुन्या धोतराची झोळी बांधावी. तिचे प्रयोजन पुढे स्पष्ट होईल.

देठ सुटणे : पाकाचे खरे लक्षण

फळधारणेनंतर सुमारे तीस ते पस्तीस दिवसांनी खरबुजाच्या देठाभोवती बारीक भेग दिसू लागते. ही भेग दिवसागणिक गोलाकार वाढते. जाळी उठून दिसते, सालीचा हिरवेपणा जातो, देठाच्या विरुद्ध टोकाला नाक नेले असता मधुर गंध येतो. मग एके सकाळी फळ झोळीत अलगद उतरलेले आढळते. देठ वेलीवर राहते आणि फळावर स्वच्छ, वाटोळी खूण उरते. ओढावे लागत नाही, कापावे लागत नाही.

यामागील कारण असे की, पाकाच्या अंतिम काळात देठ आणि फळ यांच्या सांध्यावर पेशींचा एक विशिष्ट थर तयार होतो व तो स्वतःच विलग होतो. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आंबा वा केळे यांत पिष्टाचा साठा असतो, त्याची तोडल्यानंतरही साखर होते. खरबुजात असा साठा नसतो. वेलीपासून तोडल्या क्षणी साखरेचा पुरवठा थांबतो. त्यानंतर फळ मऊ होईल, पिवळे होईल, वासही देईल. पण अधिक गोड होणार नाही. दूरच्या बाजारासाठी आठवडाभर आधी तोडलेले फळ म्हणूनच मऊ असूनही अपुऱ्या रसाचे राहते. आमच्या रुग्णेच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अशा रीतीने परसात मिळाले. मऊपणा हे पाकाचे लक्षण नव्हे. रस हेच लक्षण, आणि देठाची वाटोळी स्वच्छ खूण ही त्याची साक्ष. मधुरस प्रकारच्या गुळगुळीत सालीच्या काही खरबुजांत देठ सुटत नाही, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

सुश्रुतसंहितेतील फळशाकांच्या यादीत ‘शीर्णवृन्त’ असे एक नाव येते. त्याची ओळख टीकाकार व आधुनिक अभ्यासक निरनिराळी लावतात. परंतु ‘ज्याचे देठ जीर्ण होऊन सुटले आहे’ हा शब्दार्थ झोळीतील फळ पाहताना आपोआप उलगडतो. सुश्रुतांनी त्यास सक्षार, मधुर, कफहर, भेदन, दीपन, हृद्य व लघू म्हटले आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ज्या मंत्राला आपण महामृत्युंजय म्हणतो, त्यातही बंधनातून सुटणाऱ्या उर्वारुकाचीच उपमा आहे. उर्वारुक म्हणजे नेमके कोणते फळ, यावर मतभेद आहेत. खिरा काकडी मात्र वेलीवरून अशी आपोआप सुटत नाही. ती कापावीच लागते. खरबूज-चिबुडाची वेल ज्याने वाढविली, त्याला त्या उपमेतील सहजता निराळ्या अर्थाने जाणवते : बंधन तुटत नाही, पूर्ण पाक झाल्यावर ते गळून पडते.

शेंदाडाचे पाकलक्षणही असेच आहे, पण रस वेगळा. कोवळेपणी ते कडवट असते. पिकू लागले की कडवटपणा जाऊन आंबटगोड चव व तीव्र सुवास येतो. भावप्रकाशातील चिर्भिटाचे पक्वरूप उष्ण व पित्तल का, याची कल्पना ते चाखताच येते. म्हणून मूत्रदाहाच्या रुग्णास ‘खरबुजाऐवजी शेंदाड चालेल’ असे आम्ही कधीही सांगत नाही.

कडूपणाची परीक्षा

येथे एक सावधगिरीची गोष्ट. या कुळातील कडूपणा कुकुर्बिटॅसिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. दुधीच्या कडू रसाने झालेल्या विषबाधेच्या घटनांनंतर, २०१० साली दिल्लीत एका मृत्यूची बरीच चर्चा झाली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू रस मुळीच पिऊ नये, हा तिचा निष्कर्ष आपण सर्वांनी रुग्णांपर्यंत पोहोचविला पाहिजे. खरबूज-शेंदाडासही हाच नियम लागू करावा. देठाकडील लहानसा काप जिभेला लावून पाहावा. पूर्ण पिकलेले फळ कडू लागले तर थुंकून टाकावे व संपूर्ण फळ फेकावे. साखर वा मीठ घालून ते ‘सुधारू’ नये. कडू रस पोटात जाऊन उलट्या, रक्तस्राव वा रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.

कोवळ्या शेंदाडाचा कडवटपणा पाकाने जातो, हे वर आलेच आहे. पाकानंतरही जो टिकतो, तो बीजदोष. शेजारी कडू रानवेल असेल तर तिच्या परागाने या वर्षीचे फळ कडू होत नाही. मात्र त्या फळातील बी पेरल्यास पुढील पिढीत कडूपणा वरचढ ठरतो. दोष एक वर्ष दडून राहतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

औषधालयचालकांसाठी

चरकसंहितेच्या त्रिमर्मीय चिकित्साध्यायात पित्तज मूत्रकृच्छ्रावर एर्वारुबीज, यष्टीमधु व दारुहळद तांदळाच्या धुवणासह सांगितले आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात एर्वारु आणि त्रपुस यांच्या बियांची स्वतंत्र मानके आहेत. प्रत्यक्षात काष्ठौषधींच्या बाजारात ‘काकडी बी’ या एकाच नावाखाली काय काय येते, याचा एक अनुभव सांगतो. एका पुरवठादाराकडून आलेल्या सालीसकट बियांपैकी वीस बिया आम्ही परसात पेरल्या. चौदा रुजल्या; त्यांतील आठ वेली राखल्या. पाच वेलींना लांब काकड्या आल्या, दोहोंना शेंदाडासारखी लहान फळे आली आणि एकीची फळे पिकल्यावरही कडूच राहिली. पोते एक, नाव एक, वेली तीन प्रकारच्या! पुरवठादारास दोष देऊन आम्ही थांबलो नाही. आपण स्वतः परीक्षा केली नव्हती, हा आमचाही दोष होता.

तेव्हापासून सालीसकट बी आले की आम्ही तीन पायऱ्यांची परीक्षा करतो.

पहिली, डोळ्यांनी. खरबूज-काकडीचे बी चपटे, गुळगुळीत, मळकट पांढरे. शेंदाडाचे तसेच पण बरेच लहान. खिऱ्याचे अधिक पांढरे, अरुंद व टोकदार. कोहळ्याच्या बीला जाड कड. दुधीच्या बीला उभ्या रेषा व एका टोकास कानासारखे कोपरे. कलिंगडाचे बहुधा काळे वा तपकिरी.

दुसरी, मोडाने. ओल्या फडक्यात आठवडाभर ठेवून किती बिया रुजतात ते पाहावे. फारच थोड्या रुजल्या तर बी जुने, कच्च्या फळाचे वा अयोग्य रीतीने वाळविलेले समजावे.

तिसरी, वेलीने. तीन-चार आठवड्यांत पानतणाव्यांवरून प्रजाती ओळखू येते. खरबूज व खिरा यांचा तणावा एकेरी, दुधी व कलिंगड यांचा फाटे फुटलेला. पान खोल कापलेले असेल तर कलिंगड वा इंद्रवारुणीचा संशय घ्यावा. खरबूज व शेंदाड यांतील भेद मात्र फळावाचून निश्चित होत नाही, आणि कडू-गोडही फळच सांगते. त्यासाठी अडीच महिने थांबण्याची तयारी हवी.

सोललेल्या मगजावर यांपैकी दुसरी व तिसरी परीक्षा करताच येत नाही. शिवाय तेलाचे प्रमाण मोठे असल्याने मगज लवकर खवट होतो. म्हणून शक्यतो सालीसकट बी घ्यावे आणि लागेल तसे सोलावे.

आपले बी आपण राखणे

बी राखावयाचे असेल तर संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या नरकळीस व फळ धरणाऱ्या कळीस दोऱ्याने हलके बांधावे. सकाळी सोडून स्वहस्ते परागसिंचन करावे, पुन्हा बांधावे आणि त्या देठाला रंगीत दोरा खुणेसाठी लावावा. देठ सुटल्यानंतरही ते फळ दोन-तीन दिवस ठेवून, चव तपासून मगच बी काढावे. गरासह बी एक-दोन दिवस पाण्यात ठेवावे. तरंगणाऱ्या पोकळ बिया टाकाव्यात, तळाच्या भरीव बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. वाण, वर्ष व चव यांची नोंद असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड कोरड्या जागी असे बी चार-पाच वर्षे रुजण्याजोगे राहते.

आमचे परस लहान आहे. त्यातून औषधालयाची गरज भागत नाही आणि तो हेतूही नाही. हेतू इतकाच की, व्यवस्थापत्रात ‘पक्व’ लिहिताना हाताला त्या सुटलेल्या देठाची आठवण असावी. आता आम्ही रुग्णास खरबूज सुचवितो तेव्हा तीन गोष्टी सांगतो : देठाची खूण पाहा, वास घ्या, आणि आंबूस वा खारट लागले तर खाऊ नका. दवाखान्यात एक सुटलेले फळ दाखविण्यासाठी ठेवलेले असते. गेल्या उन्हाळ्यात तीच रुग्णा नातवाला घेऊन आली होती. मेजावरचे फळ तिने उचलले, उलटे करून देठाची जागा अंगठ्याने चाचपली आणि मुलाला म्हणाली, “हे बघ, असे पाहून घ्यायचे.”